भोंगेवाल्याचा आवाज

बबडीने पन्नाशी ओलांडली तरी रेडिओ केंद्रात ती सगळ्यांची बबडीच. नवे केंद्रप्रमुख आले तेव्हा चार दिवस 'मॅडम' म्हणाले, मग त्यांनीही नाद सोडला. तिचं काम जुन्या मुलाखती साफ करण्याचं. लेखक, चित्रकार, गवई, झालंच तर न्हावी, सुईण, पोस्टमन, अशा कितीतरी माणसांच्या टेपा केंद्राच्या तळघरात धूळ खात पडल्या होत्या. आता त्या संगणकावर चढवून सगळ्यांना ऐकायला खुल्या करायच्या होत्या. खोकला, खाकरणं, 'म्हणजे त्याचं असं आहे की', अडखळणं, बबडी सगळं बटणासरशी उडवायची. माझ्या हाताखालून गेलेला तोतराही वकिलासारखा बोलतो, असं स्वतःच मिरवायची. आणि ते खोटंही नव्हतं.

या मुलाखतींवर तिचा जीव असायला कारण होतं. तिचे वडील कारखान्यात भोंगा वाजवायचे. अख्खं गाव त्यांच्या भोंग्यावर उठायचं आणि त्यांच्या भोंग्यावर जेवायला बसायचं. बबडी अंगावर पीत होती तेव्हा रेडिओवाल्या बाईंनी त्यांना साध्या माणसांच्या कार्यक्रमात बोलावलं, आणि वर्ष फिरायच्या आत ते तापाने गेले. आई तान्ह्या पोरीला घेऊन परगावी बहिणीकडे आली. सोबत कपड्यांची ट्रंक आणि केंद्राने दिलेली त्या कार्यक्रमाची कॅसेट.

काय तो आवाज! भरदार, खर्जातला, एकेक शब्द खणखणीत. बक्षीस मिळालं की बबडी कॅसेट लावायची, मार बसला की लावायची, लग्न मोडलं तेव्हा तर आठवडाभर दुसरं काही लावलं नाही. "भोंगा म्हणजे काय हो, आपण नुसती दोरी ओढायची, ओरडते ती वाफ," हे वाक्य तिला झोपेतही म्हणता आलं असतं. पुढे नोकरीही तिने हट्टाने याच केंद्रात धरली. आईला मात्र कॅसेट सुरू झाली की नेमकी भांडी आठवायची. नवऱ्याचा आवाज सोसवत नाही बिचारीला, असं बबडी धरून चालली होती.

आणि परवा त्या मुलाखतीची मूळ टेप तिच्या टेबलावर आली.

मुलाखतीआधी पाहुण्याला काहीबाही बोलायला लावतात, आवाज किती चढवायचा ते ठरवायला. केंद्रात त्याला चाचणी म्हणतात. ती कधी प्रसारित होत नाही. बबडी तर ती ऐकायचीसुद्धा नाही, पडद्यावरच्या रेघा बघूनच उडवायची. तशी तिने हीही उडवली. मग चमकली. चाचणी म्हणजे दोन-तीन वाक्यं, ही तर मुलाखतीहून लांब होती. तिने उडवलेला भाग परत आणला आणि हेडफोन कानाला लावले.

"बोला काहीही," मुलाखत घेणाऱ्या बाई म्हणत होत्या. "घरी कोण कोण असतं?"

"ब... ब..." पातळ, किनरा आवाज. मग नुसतंच दम घेणं. "बा... बायको."

टेपांची अदलाबदल झाली, बबडीच्या मनात आलं. दुसऱ्याच कुणाचं ध्यान हे.

"बाई, मी भ... भोंगेवाला. मला न... नाही हो जमत. दुसऱ्या कुणाला ब... बोलू द्या."

"अहो, लोकांना तुम्हीच हवे आहात."

"मुलगी आहे मला. अजून र... रांगतही नाही. म... मोठी झाली की ऐकेल. असला ब... बाप नको तिला ऐकायला. शाळेत प... पोरं हसतील."

खुर्ची सरकली. बाईंनी दार उघडून नाटक विभागातल्या कुणाला तरी हाक मारली. आणि मग तो आवाज आला. भरदार, खर्जातला. "सांगा भोंगेवाले, काय म्हणू तुमच्या वतीने?"

"म्हणा, आ... आपण न... नुसती दोरी ओढायची..."

शब्द वडिलांचे होते, पण आवाज नाटकात राजा होणाऱ्या कुणा नटाचा! जन्मभर ज्याच्या आवाजाला कवटाळून ती रडली त्याने तिला पाहिलंही नव्हतं. आणि खरा बाप? त्याला तर तिने आत्ताच, न ऐकता, एका बटणासरशी उडवलं होतं. त्या भागाची प्रत फोनवर घेऊन ती तशीच घरी निघाली.

आई शेंगा सोलत बसली होती.

"तुला माहीत होतं?"

"काय गं?"

"कॅसेटवर बाबा नाहीत ते."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मला नसेल तर कुणाला? संसार काय त्या नटाबरोबर केला मी?"

बबडी थक्कच झाली. इतकी वर्षं म्हातारी ताकास तूर लागू न देता राहिली होती! "मी परक्या माणसाला बाबा समजून रडत होते, आई, आणि तू खुशाल भांडी घासत होतीस?"

"शपथ घातली होती त्यांनी. बाहेर ते तोंडच उघडायचे नाहीत. लोकांना वाटायचं, अबोल आहेत."

"आणि घरात?"

"घरात कुठले थांबतायत! तुला मांडीवर घेऊन बसले की संपायचंच नाही त्यांचं." आईने पदराने डोळे टिपले. "तो आवाज तेवढा कुठे उरला नाही बघ."

"उरलाय."

आईने मान वर केली. "कुठे?"

बबडीने फोन मध्ये ठेवून सुरू केला. मुलीला लाडाने काय म्हणता, असं बाई विचारत होत्या.

"ब..." फोनमधून आलं. मग काहीच नाही. "ब... ब..." पुन्हा दम घेणं. सवयीने बबडीचा अंगठा ते पुढे सरकवायला गेला. आईने तिचं मनगट घट्ट धरलं.

"थांब गं. घाई नको करूस. येतंय त्यांना."

दोघी वाट बघत बसल्या.

"बबडी," वडील म्हणाले.