वटवटे सरांचा कान

वटवटे सर स्वतः फार कमी बोलायचे. जिंतूरच्या शाळेत ते आम्हाला विज्ञान शिकवायचे आणि वटवट्या नावाच्या चिमुकल्या पाखरांचं त्यांना इतकं वेड, की पोरांनी त्यांना हेच नाव ठेवलं. एसटी फाट्यावर थांबली, बाभळीतून नुसता 'चिस्ली' असा आवाज आला, की वर न बघताच म्हणायचे, "हिरवट पर्णवटवट्या हाय." आणि तोच निघायचा.

पुढे मी सोनपेठला शिक्षिका झाले, तरी हिवाळ्यातल्या रविवारी त्यांच्यासोबत चारठाण्याच्या देवळांमागे जायचेच. ही पाखरं बोटाएवढी, सगळी सारखीच मळकट हिरवी. पंखावरची फिकट पट्टी ही एक खूण, पण तीही झिजून जाते. म्हणून सरांचा कायदा होता, "बोलल्याबिगर नाव घ्यायचं न्हाई." माझे कितीतरी चांगले फोटो त्यांनी या वाक्यावर मोडीत काढले. राग यायचा, पण पटायचं. तुझा माझ्यापेक्षा सरांच्या शब्दावर जास्त भरवसा, असं नवरा चिडवायचा. खोटं नव्हतं ते.

गेल्या हिवाळ्यात देवळामागच्या लिंबावर बिनपट्टीचा एक वटवट्या दिसला. सकाळभर माना वर करून बसलो, पण पठ्ठ्यानं चोच उघडली नाही. फोटो तेवढा मिळाला. नाव न देताच आम्ही परतलो. आणि पुढं परभणीला पक्षीमित्रांच्या मेळाव्यात सरांनी तोच फोटो पडद्यावर लावला. हा टायटलरचा पर्णवटवट्या, याला पट्टी नसतेच, जिल्ह्यात पहिल्यांदाच, म्हणाले. आवाज आम्ही दोघांनी ऐकलाय, सुनंदा इथंच बसलीय, विचारा तिला.

टाळ्या पडल्या. मी उठले आणि म्हणाले, "सर, ते पाखरू बोललं नव्हतं."

तुझं लक्ष नव्हतं, असं ते हसत म्हणाले. लोकही हसले. चहाच्या वेळी गाठून विचारलं, असं का केलंत? "जन्मभर पाखरं ऐकली गं. एखादी तरी नोंद माझ्या नावावर नको का?" अहो, पण मला कशाला खोट्यात ओढलंत? यावर त्यांनी शांतपणे बशीत चहा ओतला. मी माझा कप तसाच ठेवून निघाले.

यंदा एकटीच गेले. त्याच लिंबावर तसाच बिनपट्टीचा वटवट्या होता. बराच वेळ थांबले, आणि तो बोलला. स्पष्ट 'चिस्ली'. आपला नेहमीचा हिरवट, पट्टी झिजलेला. मी सरांना फोन लावला आणि काही न बोलता फांदीकडे धरला. पाखरू थांबायलाच तयार नव्हतं.

मग फोन कानाला लावला.

"काईच ऐकू येईना गं," सर म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.