साबणाची वडी

"तीनशे वर्षांपूर्वीचं गलबत, आणि त्यावर कपडे धुवायच्या साबणाची पिवळी वडी!" व्यासपीठावरचा तरुण संपादक समर्थ म्हणाला. "पन्नास वर्षं ही चूक छापली जात होती. सुवर्णमहोत्सवी आवृत्तीत आम्ही ती काढून टाकली."

सभागृह खो खो हसलं. तिसऱ्या रांगेतल्या फातिमा होडेकरचं मात्र डोकं तापलं.

"काय झालं भाभी?" शेजारच्या राहीबाईंनी विचारलं.

"माझ्या बापाला पुसलं मेल्यांनी."

'खाडीचा पहारा' ही कादंबरी रत्नागिरीत घरोघरी आहे. तिचा लेखक जाऊन वीस वर्षं झाली. फातिमाला तो आठवतो तो मिरकरवाड्यातल्या त्यांच्या पडवीत, वही मांडीवर घेऊन बसलेला. ती तेव्हा बारा वर्षांची. तिचे अब्बा हाशिम तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान; होडी शाकारून पावसाळाभर घरीच असायचे. दोन महिने पाहुणा रोज यायचा. अब्बा वारे सांगायचे, भरती-ओहोटी सांगायचे, फातिमा चहा आणून द्यायची.

पुस्तकातला सगळ्यांचा लाडका प्रसंग त्याच पडवीत जन्मलेला. धुक्यात वाट चुकलेला नायक दोरीला बांधलेला शिशाचा गोळा समुद्रात सोडतो. गोळ्याच्या बुडाशी खळगा, त्यात साबण. साबणाला चिकटून वाळू वर येते, गाळ येतो की शिंपल्यांचा चुरा, यावरून तो बंदर ओळखतो. बाकीचे तांडेल खळग्यात चरबी भरत. एकटे हाशिम साबण भरायचे, कारण चरबीला उंदीर लागतात. पाहुण्याने पाहिलं तसं लिहिलं. एवढे विद्वान, पण काळाचं भान राहिलं नाही!

आणि ऋणनिर्देशात काय? दप्तरखाने, ग्रंथालयं, पुण्याचे चार प्राध्यापक. हाशिम कुठेच नाही. अब्बांना वाचता येत नव्हतं. फातिमाने तो प्रसंग वाचून दाखवला, तेव्हा साबणापाशी ते खुदकन हसले. "बघ गो, मी आहे इथं." नाव नसल्याचं तिने त्यांना मरेपर्यंत सांगितलं नाही.

समर्थ आता रंगात आला होता. "होडीत पाय न ठेवता असा प्रसंग लिहिणं, ही प्रतिभेची झेप!"

फातिमा उठली. कोणी विचारलंच तर दाखवावा म्हणून आणलेला गोळा तिने पिशवीतून काढला आणि थेट त्याच्या टेबलावर दाणकन ठेवला.

"ही घ्या झेप. उचलून बघा."

"आजी, प्रश्न नंतर..."

"पन्नास वर्षं नंतरच चाललंय. खळग्यात बघा. साबण वाळून दगड झालाय. हा माझ्या अब्बांच्या हातचा."

समर्थने गोळा उलटा केला. हसू मावळलं. "पुढच्या आवृत्तीत एक ओळ घालू. 'स्थानिक मच्छीमारांच्या सहकार्याने'..."

"का? त्यांना नाव नव्हतं? प्राध्यापकांची नावं पदव्यांसकट छापता, आणि आम्ही नुसते स्थानिक? चूक काढायची तर नाव घाला. नाव घालायचं नसेल तर चूक होती तिथे परत ठेवा."

मागून टाळ्या पडल्या. फातिमा गर्रकन वळली. "टाळ्या नकोत. मघाशी तुम्हीच हसलात."



समर्थने आमंत्रणपत्रिका उलटी केली, पेन काढलं. "सांगा नाव."

"त्यावर नको, ती उद्या केराच्या टोपलीत जाईल." तिने नव्याकोऱ्या प्रतीतलं ते पान शोधलं आणि साबणाच्या जागी छापलेल्या 'चरबी' या शब्दावर बोट ठेवलं. "इथं लिहा. हाशिम होडेकर, तांडेल, मिरकरवाडा. आणि हे खोडून साबण. मी उभी आहे."