पोरगी हसत होती तो व्हिडिओ

मंडळी, डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

आज फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर पिंपळे गुरवला सलीमभाईंकडे गेलो. चाकणच्या कंपनीत आम्ही पत्रा दाबायच्या एकाच प्रेस मशीनवर होतो. मागच्या महिन्यात त्या प्रेसमध्ये त्यांचा उजवा पंजा गेला.

त्यांची धाकटी टीव्हीवर फजितीचे व्हिडिओ बघत होती. करोडो सबस्क्रायबरवालं चॅनल, तुमच्याही घरात लागत असणार. कुठे नवरदेव घसरतोय, कुठे माकड पडतंय, पोरगी खिदळतेय.

आणि अचानक आमची प्रेस दिसली. निळ्या युनिफॉर्ममध्ये पाठमोरे सलीमभाई. हात अडकल्यावर ते जागच्या जागी उड्या मारतात, तेवढंच ठेवलेलं. वर ढोलकीचं म्युझिक.

सेफ्टी मीटिंगला दाखवलेलं सीसीटीव्ही ते. आम्हीच मोबाईलवर शूट करून, 'काळजी घ्या भावांनो' लिहून ग्रुपवर फिरवलं होतं. तिथून ते चॅनलपर्यंत पोचलं.

"अब्बू, देखो ना, कैसा नाच रहा है!"

मी रिमोटकडे झेपावलो. सलीमभाईंनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि तिच्याबरोबर हसायला लागले. व्हिडिओ संपेपर्यंत हसले.

राव, तुमची पोरं आत्ता कुणाला बघून हसतायत?