दुधावरचं पुस्तक

आमच्या वाचनालयात एक नियम होता. एका कार्डावर दोन पुस्तकं मिळायची, पण दोन्ही गोष्टीची नाही. एक गोष्टीचं, एक खरं. खरं म्हणजे माहितीचं. शेतीचं असेल, कायद्याचं असेल, तब्येतीचं असेल. डाव्या कपाटात गोष्टी, उजव्या कपाटात खरं. डावीकडचं एक काढलं की उजवीकडचं एक काढायलाच लागायचं, आणि उलटंही. नाहीतर मास्तर कार्डावर शिक्का मारायचे नाहीत.

हे मास्तर म्हणजे गिरणीतून घरी बसलेले एक म्हातारे गृहस्थ. शाळेत कधी शिकवलं नाही त्यांनी, पण टेबलामागे बसायचे म्हणून सगळे मास्तर म्हणायचे. घोडपदेवला आमच्या चाळीच्या खालीच ती खोली. संध्याकाळी पुरुषांची गर्दी. ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस, एकेका पेपरावर पाच-पाच जण वाकलेले असायचे. मी आपली दुपारी दोनला जायची. तेव्हा पहिली पाळी कामावर आणि रात्रपाळीची माणसं झोपलेली. खोलीत फक्त मास्तर.

मी चौथीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन मुंबईला आले तेव्हा सतरा वर्षांची होते. घरात आम्ही तिघं. हे, मी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आये म्हणायची. हे गिरणीत सांच्यावर, म्हणजे मागावर. यांना फक्त पेपर लागायचा. म्हणायचे, "जे घडलंच नाही ते वाचून काय करायचं? डोकं भाड्याने दिल्यासारखं आहे ते."

मी म्हणायची, "तुम्ही घडलेलं वाचून तरी काय करता? ओरडता फक्त."

मला गोष्टीच लागायच्या. दिवसभर दहा बाय दहाच्या खोलीत. वाचायला लागलं की भिंत जरा लांब जायची, एवढंच. दुसरं पुस्तक नियमाचं म्हणून आणायची, उघडायची नाही. पण त्याचाही उपयोग शोधून काढला होता. चाळीत एक बोका होता. दुधाच्या पातेल्यावरची ताटली पायाने सरकवायचा. त्या ताटलीवर मी पुस्तक ठेवायची. उजव्या कपाटात एक हिरवं, जाडजूड पुस्तक होतं, घरच्या दुखण्याखुपण्याचं. ताटलीवर अगदी बरोबर बसायचं. दर खेपेला मी तेच न्यायची. मास्तरांना वाटायचं, बाई अभ्यास करते.

पहिली मुलगी झाली. ती वर्षाची व्हायला महिना राहिला होता. त्या दिवशी ती झोपली होती आणि मी वाचत होते. एका खाडीवर तर, म्हणजे माणसं पार नेणारी होडी, चालवणारी बाई, तिची गोष्ट होती. पलीकडे माणसं खोळंबलेली, वारा सुटलेला, तर मधोमध. तेवढ्यात मुलगी उठली आणि ओकली. मी पान दुमडून ठेवलं.

मग जुलाब सुरू झाले. आये म्हणाली, "पाणी दिऊ नको गो. दिलंस काय सगळां भायर येतलां. पोट सुकांदे जरा."

मी दिलं नाही. पोरगी माझ्या हातातल्या भांड्याकडे बघायची. मी भांडं पदराखाली घेतलं. आयेने तिच्या सहाही पोरांना असंच केलं होतं. त्यातली तीन जगली. तिला वाटायचं, जगली ती त्यामुळेच. तिने वाईट इच्छेने काही केलं नाही. रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नेली. टाळू खोल गेली होती, रडत होती पण डोळ्यात पाणी नव्हतं. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात. दुपारी गेली.

दुधाचं पातेलं तसंच होतं. दूध नासलं होतं. पुस्तक वर होतं.

महिन्याभराने मी दोन्ही पुस्तकं परत करायला गेले. मास्तरांना कळलं होतं. त्यांनी गोष्टीचं पुस्तक बाजूला ठेवलं. हिरवं पुस्तक हातात घेऊन मात्र थांबले. वाफेने पुठ्ठ्यावर गोल डाग उठला होता.

"बाई, हे वाचायला नेता की झाकायला?"

 त्यांनी पुस्तक उघडलं. त्या वेळची काही पुस्तकं अशी यायची की पानांच्या कडा जोडलेल्या असायच्या, वाचणाऱ्याने कापून घ्यायच्या. त्यातलं एकही पान कापलेलं नव्हतं. मी सात-आठ वेळा नेलेलं पुस्तक.

"कुणीच वाचलं नाही हो," मास्तर म्हणाले. मला बोलले नाहीत, पुस्तकाला बोलल्यासारखे बोलले.

मी म्हटलं, "द्या. परत नेते." मग नियम होता म्हणून तरीवालीचं पण परत उचललं.

घरी आये नळावर गेली होती. मी केसातला आकडा काढला आणि एकेक पान कापत गेले. मधोमध कुठेतरी ते पान होतं. जुलाब-उलट्यांत लहान मुलाचं पाणी तोडू नये. उकळून गार केलेलं पाणी द्यावं, भाताच्या पेजेवरची निवळ द्यावी, चिमूट मीठ घालावं. एकेक चमचा. उलटी झाली तर जरा थांबून पुन्हा एक चमचा. देत राहावं. टाळू खोल जाणं, रडताना डोळ्यात पाणी नसणं ही वाईट लक्षणं.

एवढंच होतं. सात-आठ ओळी. तीन दिवस ते पुस्तक माझ्या हाताच्या अंतरावर होतं.

आये घागर घेऊन आली. "काय वाचतस?" म्हणाली.

"काय नाय," म्हटलं.

सांगणार काय? सांगितलं असतं तर कोणी मारली तेही सांगावं लागलं असतं. तिने पाणी तोडायला सांगितलं, मी तोडलं. मला वाचता येत होतं, तिला येत नव्हतं. माझ्यापुरतं मी समजून घेतलं. तिला तो भार कशाला? यांनाही सांगितलं नाही. यांच्या तोंडात काही राहायचं नाही.

त्यानंतर मी गोष्ट वाचली नाही. उजव्या कपाटातली पुस्तकं एकामागून एक वाचली. पाणी कसं साफ करायचं, भाडेकरूचा कायदा काय, धनुर्वात कसा होतो. कळायचं नाही ते दोनदा वाचायचं. ते हिरवं पुस्तक तर किती वेळा आणलं. नियमाचं दुसरं म्हणून तरीवालीचं उचलायची, कारण ते पण ताटलीवर बरोबर बसायचं. यांच्या लक्षात आलं.

"आता दुधावर गोष्ट होय? बोक्याला आवडते का विचार."

मी हसले नाही. त्यांनी पेपर उघडला.

दोनेक वर्षं अशी गेली. मग एकदा आमच्या भागात गोळीबार झाला आणि करफ्यू लागला. हे सकाळच्या पाळीला गेलेले, ते तिकडेच अडकले. समोरच्या खोलीत घाटावरची बाई राहायची. तिचा नवरा सत्याग्रहात पकडला गेला होता. घरात ती आणि तिची दीड वर्षाची मुलगी. माझी असती तर तीनेक वर्षांची असती. त्या मुलीला मी फारशी घ्यायची नाही.

सकाळी नऊ-दहाला ती बाई दारात आली. "आवो वैनी, पोरीला बघा की. पहाटंपास्नं सारखं जुलाब चाललंत. आता वकाय बी लागली."

मी तिच्या खोलीत गेले, मागून आये. पोरगी चटईवर पडलेली. रडत होती, आवाज बसलेला. मी डोळ्याखाली बोट फिरवलं. कोरडं.

"पाणी मागतीया," बाई म्हणाली.

आये तिथेच बसली आणि म्हणाली, "दिऊ नको गो बाये. पोटात काय र्‍हवाचा नाय."

तेच शब्द. मी उभी होते तिथेच उभी राहिले. दवाखाना बंद, गल्लीच्या तोंडाशी पोलीस. खाली जायची सोय नाही. पोरीला जे काही मिळणार होतं ते त्या खोलीतूनच मिळणार होतं. आणि मी तोंड उघडलं तर आयेला कळणार होतं. आज नाही तर उद्या, झोपताना, ती दोन आणि दोन जुळवणार होती. ती अडाणी होती, खुळी नव्हती.

फार वेळ नाही उभी राहिले. आपल्या खोलीत गेले आणि स्टो पेटवला.

पाणी उकळायला ठेवलं, तांदूळ शिजायला टाकले. पेजेवरची निवळ वाटीत काढली, मीठ टाकलं, वाटी गार पाण्यात धरली. ती वाटी आणि चमचा घेऊन परत गेले. काखेत हिरवं पुस्तक. पुस्तक कशाला नेलं कोण जाणे, त्यातलं मला सगळं पाठ होतं. माझ्या एकटीच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवणार नाही असं वाटलं असेल.

"ह्यां काय?" आये म्हणाली.

"पेज. एकेक चमचो द्यायची हा तिका."

"पिसां लागलां तुका? लोकांचां पोर हा. काय झालां तर?"

घाटावरची बाई एकदा माझ्याकडे बघते, एकदा आयेकडे. मी पुस्तक उघडून पान वाचून दाखवलं. हळूहळू, सगळ्या ओळी. पाणी तोडू नये, तेही वाचलं. आये ऐकत होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पुस्तकाकडे बघत होती.

"पुस्तकात खरं असतंय का?" बाईने विचारलं.

"ह्या पुस्तकात असतं," मी म्हटलं.

पहिला चमचा दिला, तो बाहेर आला. आयेने नुसता श्वास सोडला. थांबले. दुसरा दिला. तोही आला. बाई रडायला लागली, "नगं वैनी, नगं." मी म्हटलं, "रडायचं तर तिकडे खिडकीत रड. इथे मला पोरीचं तोंड दिसू दे." कडक बोलले. दुसरं काही सुचलं नाही. तिसरा चमचा राहिला. चौथा राहिला.

मग तेच. एक चमचा, थांबायचं, एक चमचा. खालून मधूनच शिट्ट्या ऐकू यायच्या, कोणीतरी घोषणा द्यायचं, मग पळापळ, मग सामसूम. माझा हात भरून आला तेव्हा बाईने चमचा घेतला. वाटी संपली. मी उठायला लागले तर आये आधीच उठली होती. आमच्या खोलीत गेली आणि दुसरी वाटी निववून घेऊन आली. मीठ टाकलेलं होतं. मी चाखून बघितलं, बरोबर चिमूटभर.

दुपार टळली. तीन-चारच्या सुमाराला पोरगी पुन्हा रडायला लागली. बाई घाबरली. मी वाकून बघितलं. गालावर ओलं होतं. डोळ्यातून पाणी आलं होतं. थोड्या वेळाने चटई ओली झाली.

"मुतली!" बाई ओरडली. अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं. शेजारच्या खोलीतून कोणीतरी म्हणालं, "अगो बाई, त्यात ओरडण्यासारखं काय?" आणि आम्ही तिघी हसलो. पहिली आये हसली. मग पहिली गप्पही तीच झाली.

संध्याकाळी आम्ही आमच्या खोलीत आलो. आये भिंतीला टेकून बसली, गुडघ्यांवर हात. मी दूध तापवायला घेतलं.

"ह्यां तुका कधी कळलां?" आयेने विचारलं.

पाठमोरी होते ते बरं. दूध वर येत होतं, तिकडे बघत राहिले.

"आज," म्हटलं. "आजच वाचलंय. ती बाय इली मगे शोधून काढलंय."

 आयेने मला दोन वर्षांपूर्वी हातात आकडा आणि मांडीवर पुस्तक घेऊन बसलेलं बघितलं होतं. ते हिरवं पुस्तक घरात किती वेळा आलं आणि गेलं हेही तिला ठाऊक होतं. अक्षर कळत नसलं तरी रंग कळत होता. मी जन्मात पहिल्यांदा स्वतः गोष्ट रचली होती, आणि ती एका ओळीची होती, आणि तिच्यात भोक होतं.

 मी दूध उतरवलं, ताटली ठेवली, वर तरीवालीचं पुस्तक ठेवलं.

"तां काढ थंयसून," आये म्हणाली.

"बोको येतलो."

"येवंदे. मी हंय बसलंय. तां वाच माका."

तिने कधी पुस्तकाला हात लावला नव्हता. मी विचारलं, "हिरव्यातलां वाचू?"

"नको. खरां नको आज. गोष्टीचां वाच."

मी पुस्तक उघडलं. पान दुमडलेलं होतं, तिथेच. वारा सुटलेला, तर मधोमध. दोन वर्षं ती बाई तशीच वल्हं मारत पाण्यात उभी होती. मी मोठ्याने वाचायला लागले. तर पलीकडे लागेपर्यंत दोघींपैकी कोणी हललं नाही. बोका दारात येऊन बसला होता. आयेने त्याला हाकललं नाही.

त्यानंतर बारा वर्षं आये होती. मला तीन मुलं झाली, तिन्ही मोठी झाली. त्यांच्या दुखण्याखुपण्याला मी पुस्तकात बघायची आणि आये न सांगता पेज ठेवायची. माझी ती पहिली मुलगी, तिच्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मुलं शाळेत गेली की दुपारी मी वाचायची आणि आये ऐकायची. बसण्याआधी दर वेळी एकच विचारायची.

"ह्यां खरां नाय मा?"

"नाय, आये."

"मगे वाच."