सहाव्या होलाचा झेंडा

वैजयंतीनं कुंडलिकला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो हिरवळीवर पालथा पडून, एक डोळा मिटून जमिनीचा उतार बघत होता. तिला वाटलं, गडी डुलकी काढतोय. तो पडल्या पडल्याच म्हणाला, "ताई, जरा बाजूला व्हा. तुमची सावली पडतीय."

वारूळवाडीच्या पुढं टेकडीच्या पायथ्याशी भगवंतशेठचं गोल्फचं मैदान आहे. तिथल्या होलांची मांडणी बदलायला शेठनं वैजयंतीला पुण्याहून बोलावलं होतं. खोडदचा कुंडलिक तिथं रोजंदारीवर गवत राखायचा. हे काम नीट पार पडलं तर शेठ त्याला कायमचा मुकादम करणार होते. नाहीतर बाहेरचा माणूस यायचा होता.

सहावा होल, म्हणजे चेंडू मारायच्या जागेपासून झेंड्याजवळच्या खड्ड्यापर्यंतचा पट्टा, उतारावर होता. वैजयंतीनं पुण्याहून फोनवर कुंडलिकला सांगितलं, "चेंडू मारायचा ओटा एका टोकाला करा, झेंडा आणि हिरवळ दुसऱ्या टोकाला." कोणतं टोक वरचं, हे ती बोललीच नाही. चेंडू वरून खाली मारायचा, हे तिला सांगण्यासारखं वाटलं नाही.

कुंडलिकच्या घरात आजोबापासून बैलगाडा. शर्यतीच्या घाटात, म्हणजे चढाच्या धावपट्टीवर, गाडा खालून सुटतो आणि वर निशाणापाशी पोचतो. त्यानं ओटा खाली बांधला, झेंडा वर रोवला आणि त्याच्याभोवती झकास हिरवळ धरली.

वैजयंती आली आणि वर बघतच राहिली. "कुंडलिकभाऊ, हे उलटं झालंय."

"उलटं कसं, ताई? वरून खाली कोण पळवतं? बैल तोंडावर पडत्याल."

"इथं बैल कुठं आहेत?"

कुंडलिकनं टोपी काढली, पुन्हा घातली. "मंग गेली म्हणायची मुकादमी."

"अर्धी चूक माझी आहे," ती म्हणाली, आणि तिथूनच तिनं शेठला फोन लावून तसं सांगितलं. शेठ म्हणाले, "चूक कुणाची बी असू द्या. रविवारी पावणं खेळायला येणारेत. तवर सरळ झालं पायजे."

नवं गवत तेवढ्यात उगवणार नव्हतं. मग कुंडलिकनं ओटा वर बांधला, झेंडा खाली रोवला आणि वरची हिरवळ मुळांसकट, लाद्यांसारखी कापून काढली. त्याचा गाड्यावरचा जोडीदार बहिरू ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन आला. "जलमभर बैलं वर पळवली," तो म्हणाला, "आता तुझं गवात खाली पळवतो."

दुपारी कुंडलिकची बायको लंकाबाई भाकरी घेऊन आली. "आधी इचारायचं न्हाई व्हय? तोंडाला काय कुलूप व्हतं?"

"लग्नाच्या टायमाला तरी कुठं इचारलं व्हतं?" कुंडलिक म्हणाला. वैजयंती ट्रॉलीला टेकून हसत राहिली. मग तीही मातीत बसून खाली अंथरलेल्या गवताच्या लाद्यांमधले सांधे दाबू लागली.

रविवारी पाहुण्याचा चेंडू हिरवळीवरून कुठंही न अडखळता घरंगळत गेला. शेठनं एका सांध्यावर बूट दाबून पाहिला. "पाणी कमी पडू देऊ नका, मुकादम," एवढं बोलून ते पुढं गेले.

कुंडलिक आता तिथं कायम आहे. रोज सकाळी तो खोडदहून मोटारसायकलवर कामाला येतो.