नावाड्याचं पुढे काय झालं

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं, ते मी पाण्याच्या पंपाची जळलेली मोटर घेऊन त्यांच्या मोटर दुरुस्तीच्या दुकानात गेले तेव्हा. मी बोलायला तोंड उघडलं, तर मान वर न करता त्यांनी एक बोट उभं केलं. मोटरवर गुंडाळायच्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजणं चालू होतं. मध्ये कुणी बोललं की सगळे वेढे उलगडून पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटांनी म्हणाले, "एकशे चौऱ्याऐंशी. हां, बोला बाई." गल्लीतली मुलं त्यांना मुकेमामा म्हणायची, ते काही उगाच नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी शाळेत माझी विद्यार्थिनी होती. वाचनाचं भारी वेड. विसाव्या वर्षी ती पुढे शिकायला दूरच्या शहरात निघाली, तेव्हा मामा दारात उभे राहून म्हणाले, "गेलीस तर तुला बाप नाही, असं समज." तिने ते शब्दशः घेतलं. सहा वर्षांत एक फोन नाही, तिचा जुना नंबरही बंद.

तिच्या मागे राहिलेल्या पुस्तकांत एका कादंबरीचे तीन जाडजूड भाग होते. मामा चौथी पास. मोटरवरच्या माहितीच्या पट्टीपलीकडे त्यांनी जन्मात काही वाचलं नव्हतं. "हिच्या डोक्यात काय भरलं होतं ते बघू तरी," म्हणत एका दुपारी त्यांनी पहिला भाग उघडला.

गोष्ट एका नावाड्याच्या चौदा वर्षांच्या मुलीची. कुणीतरी अख्खी नदीच चोरून नेलेली असते आणि ती परत आणायला ही निघते. बाप कोरड्या पात्रात, पालथ्या पडलेल्या नावेशेजारी उभा राहतो. हे एकतिसाव्या पानावर. पुढे सात राज्यं, बोलणारे लांडगे, हाडांचा किल्ला.

मामा वाचायचे तेही वेढे मोजल्यासारखं. ओळीवर बोट, गिऱ्हाईक आलं की पान पुन्हा पहिल्यापासून. बायको जेवणाचा डबा आपटत म्हणायची, "पोरगी शिकायला निघाली तर घर डोक्यावर घेतलंत, आणि आता स्वतःच शाळेत बसलात!" मामा बोट पुढच्या ओळीवर सरकवायचे.

महिनाभराने ते माझ्याकडे आले.

"बाई, ती जिंकणार ते कळलं मला. नायिकाच ती, तिला कोण मारतंय! पण बाप? एकतिसाव्या पानानंतर त्याचं नावच नाही. जेवतो का, आजारी आहे का... ही लांडग्यांशी एवढ्या गप्पा मारते, बापाला एक निरोप धाडत नाही?"

ती पुस्तकं मी वाचली होती. त्यांच्या मुलीनेच दिली होती. बाप पुन्हा येत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी म्हणाले, "पुढे वाचा मामा. येईल कुठेतरी."

ते दीड वर्ष वाचत राहिले. बायकोचा भाऊ आपल्या गावी राहायला बोलवत होता. दुकान तसंही चालत नव्हतं. मोटर जळली की लोक हल्ली नवीच आणतात. मामांचं एकच, "हे संपू दे, मग बघू." बायको मला म्हणाली, "काय आहे हो बाई त्यात? कोर्टाचा निकाल असल्यासारखे वाचतात."

शेवटची पानं त्यांनी माझ्या व्हरांड्यात बसून वाचली. नदी परत आली. मुलगी राणी झाली. त्यांनी पुस्तक मिटलं, पुन्हा उघडलं आणि मागचं कोरं पानही उलटून पाहिलं.

"तुम्ही वाचलं होतंत?"

"हो."

"मग तेव्हाच सांगायचंत ना, बाई."

"मामा, गोष्ट आहे ती. लिहिणाऱ्याच्या लक्षात राहिलं नसेल."

"त्याला कशाला बोल लावायचा? तिला आठवण आली असती, तर त्यानं लिहिलीच असती."

गेल्या मार्चमध्ये त्यांनी दुकान आणि त्यावरची राहती खोली सोडली. आता ती दोघं मेव्हण्याच्या घरी राहतात आणि मामा तिथल्या पिठाच्या गिरणीत बसतात, एवढंच कानावर आलं. नवा पत्ता त्यांनी गल्लीत कुणाकडेही ठेवलेला नाही; मुलगी विचारत आली तर द्यायलाही नाही.