चवीपुरती साखर

पोहे परतताना चंद्रप्रभा आगाशे यांचा हात रोज आपोआप साखरेच्या डब्याकडे जाई. चमचाभर साखर पोह्यांत, मग आमटीत गुळाचा खडा, कोशिंबिरीत पुन्हा साखर. माहेर रत्नागिरीचं. याला गोड खाणं म्हणतात, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. ती नुसती चव होती.

नोकरी मात्र नेमकी उलटी. सरकारी पोषण पथकाची गाडी घेऊन त्या लखनौच्या मोहल्ल्यांत फिरत, बायकांना मोडाची कडधान्यं शिजवून दाखवत आणि बजावत, "नाश्ते में रोज जलेबी नहीं, कभी-कभार."

त्र्याण्णव साली त्यांच्याच सल्ल्यावरून मानक नगरच्या रेल्वे वसाहतीतल्या कँटीनमधून सकाळची दही-जिलबी उठली. तिथलं रोजचं गिऱ्हाईक म्हणजे त्यांचे यजमान रमाकांत, रेल्वेतले इंजिनिअर. मधुमेह आवरला नाही तर डोळे जातील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगू लागलेच होते.

"जिलबीवर सरकारी हुकूम निघाला म्हणे," ते म्हणाले. "घरातच सरकार आणलंय, तक्रार कुणाकडे करायची?"

पण जिलबी त्यांनी सोडली. तरी पुढच्या तपासणीत साखर होती तिथेच.

"चौकात जाऊन खाता ना?"

"नाही गं."

"मग उतरली का नाही?"

"मला विचारतेस? पोषणवाली तू!"

चंद्रप्रभांना त्यांचा नकार खरा वाटला नाही. आठवडाभर घरात कामापुरतंच बोलणं राहिलं.

त्याच आठवड्यात पथकाची गाडी जुन्या लखनौतल्या चौक भागात गेली. एका अंगणात लखनवी चिकनचं भरतकाम मांडीवर घेऊन बायका बसल्या होत्या. भांड्यात पडेल ती प्रत्येक वस्तू मोठ्यानं सांगायची, ही पथकाची शिस्त. चंद्रप्रभा सांगत होत्या, "मूंग. हल्दी. नमक." सगळ्या वस्तू सांगून झाल्या, आणि शेजारी चहासाठी ठेवलेल्या डब्याकडे त्यांचा हात वळला.

सुईत दोरा ओवणारी एक म्हातारी थांबली. "बहनजी, ये क्या डाला? बोलीं नहीं आप!"

"कुछ नहीं... ज़रा-सी चीनी."

"वाह! हमारी जलेबी बंद, और आपकी चीनी बुर्क़ा ओढ़ के?"

अंगण हसलं. त्याही हसल्या. गाडीत बसल्यावर मात्र त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या.

घरी आल्यावर चप्पल काढतानाच त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही खरं बोलत होतात. मीच घालत होते. पोह्यात, आमटीत, सगळ्यात."

रमाकांतांनी चष्मा पुसला. "म्हणजे धाड कँटीनवर नाही, स्वयंपाकघरावर घालायची होतीस."

साखरेचा डबा वरच्या फळीवर गेला. डॉक्टरांनी गोळीही वाढवली. आकडा हळूहळू उतरला, ठिपके वाढले नाहीत. पोहे काही दिवस दोघांनाही परके लागले, मग लिंबानं निभावलं. हात मात्र रोज डब्याच्या जुन्या जागेकडे जाई आणि रिकामा परत येई.

अठ्ठ्याण्णवच्या थंडीत एका सकाळी, चहा गाळता गाळता, चंद्रप्रभांचं हृदय थांबलं. त्याच्या थोडं आधी त्यांनी रमाकांतांपुढे पोह्यांची बशी ठेवली होती. ते खिडकीशी बसून, भिंगाशिवाय, बारीक अक्षरातल्या बातम्या वाचत होते.

"अहो, पेपर ठेवा बाजूला. लिंबू पिळून घ्या आधी."